सीलबाईंचा डावा हात

ज्याच्याशी आपला नुसता परिचय असतो, त्याच्या वाटेला आपण सहसा जात नाही. रस्त्यात दिसला तर मान हलवतो, फार झालं तर 'काय, बरं आहे ना?' असं विचारतो आणि उत्तर यायच्या आत पुढे सरकतो. परिचय ही दूर राहण्याची सभ्य रीत आहे. हे सत्य माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. पण त्यावर पदवीचं अख्खं पहिलं वर्ष उभारण्याचा मान मात्र त्या विद्यापीठाकडे जातो.

पहिल्या वर्षाला तिथे तीन अभ्यासक्रम होते: गणित-परिचय, साहित्य-परिचय आणि अर्थशास्त्र-परिचय. तिन्हींचा उद्देश माहितीपुस्तिकेत एकाच वाक्यात दिला होता: 'विद्यार्थ्यास विषयाची तोंडओळख व्हावी व पुढे तो विषय समोर आल्यास त्याने दचकू नये.' हा उद्देश दर वर्षी सफल होत असे. गणित-परिचय झालेला विद्यार्थी पुढे गणित दिसलं तर दचकत नसे, शांतपणे रस्ता बदलत असे. साहित्य-परिचयाचे पहिले आठ आठवडे 'साहित्य म्हणजे काय?' यात जात आणि नवव्या आठवड्यात 'हे नेमकं सांगता येत नाही' असा निष्कर्ष निघे. अर्थशास्त्र-परिचयाची सुरुवात 'इतर परिस्थिती कायम आहे असे मानू' या वाक्याने होई. (परिस्थिती खरोखरच कायम होती. पंखा तोच, फळा तोच, सर तेच.)

तिन्हींची परीक्षा एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच इमारतीच्या तीन मजल्यांवर होई आणि तिथे गोपनीयतेला प्राणापलीकडे जपत. नियम असे होते. प्रश्नपत्रिकेवर विषयाचं नाव छापायचं नाही, कारण त्यामुळे पेपर कशाचा आहे ते फुटतं. गठ्ठ्यावरही काही लिहायचं नाही. पर्यवेक्षकाने प्रश्नपत्रिका वाटायची, वाचायची नाही. कोणत्या गठ्ठ्यात कोणता पेपर आहे याची यादी एकच करायची, आणि यादीसुद्धा गोपनीयच असल्याने ती त्यांपैकीच एका गठ्ठ्यात घालून वरून लाखेचं सील मारायचं. ही व्यवस्था इतकी चोख होती की पेपर फुटणं सोडाच, तो कुठे आहे हे विद्यापीठालाही कळत नसे.

हे कळणारी व्यक्ती अख्ख्या इमारतीत एकच होती, ती म्हणजे सील मारणाऱ्या सीलबाई.

सीलबाईंना खरं नाव होतं, पण ते पगारपत्रकात राहायचं आणि महिन्यातून एकदाच बाहेर यायचं. तीस वर्षं त्यांनी गठ्ठे बांधले, लाख वितळवली, सील मारलं आणि प्रत्येक गठ्ठा योग्य मजल्यावर पोचवला. कसा, ते कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की गठ्ठा उजव्या हातात तोलला की कळतं. गणिताचा पेपर एक पानी, हलका. साहित्याचा दोन पानी, मध्यम. अर्थशास्त्राचा आलेखांसकट तीन पानी, जड. तीस वर्षांत हात कधी चुकला नव्हता आणि याचा सीलबाईंना फार अभिमान होता. आपण सेवानिवृत्त होऊ त्या दिवशी समारंभात कुणीतरी 'एकही चूक नाही' असं म्हणेल आणि आपण मान खाली घालून हसू, हे दृश्य त्यांनी मनातल्या मनात अनेकदा पाहिलं होतं. त्याला आता दीड वर्ष उरलं होतं.

मग परीक्षेच्या दहा दिवस आधी त्या न्हाणीघरात घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला.

सीलबाईंनी रजा घेतली नाही. त्यांनी डाव्या हाताने गठ्ठे तोलले. डावा हात आयुष्यभर पिशव्या धरण्याच्या कामावर होता, त्याला शास्त्राची सवय नव्हती. त्यात त्या वर्षी आणखी तीन गोष्टी घडल्या. गणिताच्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेला प्रशासनाने 'कागद वाचवा' हे तीन पानी परिपत्रक जोडलं. अर्थशास्त्राच्या सरांनी काटकसर म्हणून आलेख गाळले. आणि साहित्याच्या बाईंनी एकच प्रश्न काढला, 'जगणे म्हणजे काय? विवेचन करा,' आणि उरलेलं पान विद्यार्थ्यांच्या कल्पनाशक्तीसाठी कोरं सोडायचं ठरवलं होतं, ते कोरं पान छापखान्याने छापायचं काही नाही म्हणून गाळलं. झालं. साहित्य हलकं झालं, अर्थशास्त्र मध्यम झालं, गणित जड झालं; आणि सीलबाईंनी तीस वर्षांच्या अनुभवाने साहित्याचा पेपर गणिताच्या मजल्यावर, अर्थशास्त्राचा साहित्याच्या मजल्यावर आणि गणिताचा अर्थशास्त्राच्या मजल्यावर पाठवून दिला.

आता कुणी म्हणेल, मग बोंबाबोंब झाली असेल. मुळीच नाही. तीन तास इमारतीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती.

गणिताच्या विद्यार्थ्यांनी 'जगणे म्हणजे काय?' हा प्रश्न वाचला, घाम पुसला आणि 'जगणे = क्ष मानू' अशी सुरुवात केली. पुढे दोन्ही बाजूंना क्ष ने भागून बहुतेकांचं उत्तर एक आलं. (काहींचं शून्य आलं. ते वसतिगृहात राहणारे होते.) साहित्याच्या विद्यार्थ्यांना 'मागणी वाढली की किंमत का वाढते?' असा प्रश्न आला. त्यांनी 'कारण माणूस आतून एकटा आहे' इथपासून सुरुवात करून पुरवण्या जोडल्या. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर समीकरणं आली. त्यांनी 'इतर परिस्थिती कायम राहिल्यास उत्तर सात' असं लिहिलं आणि खाली सावधपणे 'हे अल्पकाळात. दीर्घकाळात नऊ' अशी जोड दिली. पेपर वेगळा आहे अशी शंका कुणाला आली नाही. वर्षभरात वर्गात काय शिकवलं याची इतकी पक्की कल्पना कुणालाच नव्हती.

कुणालाच म्हणजे, एक सोडून.

ती एक म्हणजे सीलबाईंची भाची, थोरल्या बहिणीची मुलगी. शिकायला मावशीकडे राहिली होती आणि तिला गणित आवडत होतं. घरात कुणालाही तसलं काही नव्हतं. या मुलीला जन्मापासून एक खोड होती: तिच्या लक्षात यायचं. दुकानाच्या पाटीवर 'सहा प्रकार' लिहिलं असेल तर ती मोजायची आणि पाच भरले की आत जाऊन सांगायची. नातेवाइकांच्या लग्नात भाषण करणारे काका 'तीन गोष्टी सांगतो' म्हणून दोनच सांगून बसले, तर ही तिसरीसाठी हात वर करायची. जित्याची खोड, ती परीक्षेत तरी कशी सुटणार? तिने प्रश्नपत्रिका वाचली, उलटून पाहिली आणि उभी राहिली.

"सर, हा पेपर गणिताचा नाहीये."

पर्यवेक्षक सज्जन गृहस्थ होते. त्यांनी नियमाप्रमाणे प्रश्नपत्रिकेकडे न बघता तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बाळ, जे आलंय ते लिहावं. आपल्याला हवा तो पेपर आयुष्यात मिळतो का कुणाला?"

भाची बसली. उत्तरपत्रिकेवर तिने एवढंच लिहिलं: 'हा पेपर गणिताचा नाही. कृपया गणिताचा द्यावा.' मग हाताची घडी घालून ती तीन तास वाट बघत राहिली.

उत्तरपत्रिका तपासायला आपापल्या विभागात गेल्या. गणिताचे सर शेवटच्या ओळीतलं उत्तर आणि मधली पद्धत एवढंच बघत. पद्धत जागच्या जागी होती. साहित्याच्या बाई 'माणूस आतून एकटा आहे' इथे दोनदा थांबल्या आणि चष्मा पुसून पुढे गेल्या. अर्थशास्त्राच्या सरांना एकाच प्रश्नाला दोन उत्तरं देणारी पिढी पाहून भरून आलं. निकाल लागला. गणित-परिचयाला बसलेले दोनशे चौदा, साहित्य-परिचयाला एकशे सत्त्याऐंशी, अर्थशास्त्र-परिचयाला दोनशे अकरा, असे एकूण सहाशे बावीस विद्यार्थी. त्यांपैकी उत्तीर्ण सहाशे एकवीस. (आकडेवारी गणित विभागाने तपासून दिली आहे.) विद्यापीठाच्या इतिहासात असा निकाल लागला नव्हता. आदल्या वर्षी गणितात एकतीस टक्के पास झाले होते आणि त्याबद्दल पेढेवाटप नको, निदान चहा तरी व्हावा, असा ठराव आला होता.

नापास एकच होती, ती भाची. गुण शून्य. शेरा: 'विषयाशी संबंध नाही.'

त्या संध्याकाळी सीलबाईंना थोरल्या बहिणीचा फोन आला. "अगं, तुझ्या ऑफिसात सहाशे एकवीस दगड तरले आणि माझी पोर तेवढी बुडाली? लहानपणापासून आकड्यांशी खेळणारी पोर आहे ती! तू तिथे करतेस काय तीस वर्षं?"

"सील मारते गं ताई," सीलबाई म्हणाल्या. 

भाची रडत नव्हती, हेच सीलबाईंना जास्त लागलं. ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून नियमावली वाचत होती. परिचय-परीक्षेत दोनदा नापास झालेल्याला तो विषय पुढे कधीही घेता येत नसे. एकदा झालं होतं. फेरपरीक्षा दोन महिन्यांवर होती. "मावशी," ती म्हणाली, "माझं काय चुकलं तेवढं सांग. तो पेपर गणिताचा नव्हता ना?" आणि प्रश्नपत्रिका तिने टेबलावर ठेवली. पान एकच होतं. सीलबाईंनी ते डाव्या हातात घेतलं, मग प्लास्टरमधून बाहेर डोकावणाऱ्या उजव्या बोटांवर ठेवलं, आणि त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. हलका होता, पण तो हलकेपणा गणिताचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सीलबाईंनी आयुष्यातला पहिला कबुलीजबाब लिहिला. 'माझ्या हातून चूक झाली असून तिची शिक्षा माझ्या भाचीस झाली आहे. ती तिला न होता मला व्हावी.' अर्ज घेऊन त्या आवक-जावक खिडकीवर गेल्या. तिथल्या कारकुनाने तो वाचला आणि रजिस्टर उघडलं. रजिस्टरात अर्जाचे प्रकार चारच होते: तक्रार, विनंती, खुलासा आणि रजा.

"बाई, हे कशात टाकू?"

"कबुली आहे."

"कबुलीचा रकाना नाहीये. आजवर कुणी दिलीच नाही." कारकून विचारात पडला. "तक्रार म्हणावी तर तुमची तुमच्याविरुद्ध होते. विनंती म्हणावी तर शिक्षेची विनंती नियमात बसत नाही. खुलासा मागितल्याशिवाय देता येत नाही. रजेत टाकू?"

चार दिवसांनी उत्तर आलं. सीलबाईंची अर्ध्या दिवसाची रजा मंजूर झाली होती.

पण सीलबाई आता मागे हटणार नव्हत्या. तोवर त्यांना वाटायचं की निवृत्तीच्या समारंभातलं ते एक वाक्य हीच आपली कमाई. आता रोज संध्याकाळी टेबलाशी पाठमोरी बसलेली भाची दिसायची आणि त्या वाक्यातला 'एकही' खटकायचा. त्या थेट परीक्षा-नियंत्रकांच्या खोलीत गेल्या आणि उभ्या-उभ्या सगळं सांगून मोकळ्या झाल्या: हात, परिपत्रक, कोरं पान, सगळं. नियंत्रक साहेबांनी ऐकून घेतलं, दार लावलं आणि तिन्ही विषयांच्या प्राध्यापकांना बोलावून जागच्या जागी चौकशी समिती नेमली. आपलेच दात आणि आपलेच ओठ असल्याने समितीत आपापसांत चावाचावी होण्याची शक्यता नव्हती.

"गणिताचा पेपर अर्थशास्त्राला गेला म्हणता?" गणिताचे सर म्हणाले. "तरी आमच्या मुलांनी समीकरणं मांडली. पेपर नसतानाही मांडली! विषय रक्तात उतरला म्हणतात तो असा."

"माझ्या मुलांना तर कुणी बाजाराबद्दल विचारलं," साहित्याच्या बाई म्हणाल्या, "आणि ती दुःखाबद्दल बोलली. यापेक्षा साहित्याचं मोठं यश कोणतं?"

अर्थशास्त्राच्या सरांनी एक आलेख काढला. त्यात विद्यार्थ्याला विषयाचं जितकं कमी ज्ञान, तितका निकाल वर जात होता. "रेषा सरळ आहे," ते म्हणाले. "अभ्यास केलेल्याला आपलाच पेपर आला तर तो चुका करतो, कारण चूक कशाला म्हणतात हे त्याला माहीत असतं. दुसऱ्याचा पेपर आला की तो निर्धास्त असतो."

"पण सर, माझी भाची?" सीलबाई म्हणाल्या.

 गणिताच्या सरांनी तिची उत्तरपत्रिका काढली आणि दोन बोटांत धरली. "या मुलीचं प्रकरण गंभीर आहे. पेपर गणिताचा नाही हे हिला कळलं. म्हणजे गणित काय आहे हे हिला आधीपासून माहीत होतं. परिचयाच्या परीक्षेला विषय ओळखीचा असणं हा पूर्वपरिचय झाला. नियम अकरा: पूर्वतयारीने परीक्षेस बसणे हा गैरप्रकार."

"नियम अकरा उत्तरं आधी पाठ करून येण्याबद्दल आहे ना?" सीलबाईंनी विचारलं.

"भावना तीच आहे," नियंत्रक साहेब म्हणाले, आणि त्यांनी विषय मिटवला. "हे बघा सीलबाई, मनाला लावून घेऊ नका. चूक झाली असती तर निकाल बिघडला असता. निकाल सुधारलाय. म्हणजे तुमच्याकडून जे झालं ती चूक नाही, ते धोरण आहे."

आणि खरोखरच महिनाभरात ते धोरण झालं. 'आंतरविद्याशाखीय अदलाबदल धोरण' या नावाची पुस्तिका निघाली. तिच्यात ठरलं की यापुढे गणिताच्या विद्यार्थ्याला साहित्याचा, साहित्याच्या विद्यार्थ्याला अर्थशास्त्राचा आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला गणिताचा पेपर देण्यात येईल; कागद वाचवा परिपत्रक दर वर्षी तीन पानीच राहील; उत्तरपत्रिकाही आपल्या विभागात न तपासता प्रश्नपत्रिकांप्रमाणेच एक घर पुढे सरकवण्यात येतील, म्हणजे गणिताच्या विद्यार्थ्याची साहित्याकडे, साहित्याची अर्थशास्त्राकडे व अर्थशास्त्राची गणिताकडे; आणि धोरणाची अचूक अंमलबजावणी व्हावी म्हणून सर्व गठ्ठे सीलबाईंनी डाव्या हातानेच तोलावेत. बाहेरून शिष्टमंडळं बघायला येऊ लागली. दोन पाहुण्यांनी डाव्या हाताबरोबर फोटो काढून घेतला. प्रवेशद्वाराशी मोठा फलक लागला: 'गणित २१४, साहित्य १८७, अर्थशास्त्र २११. एकूण ६२२ पैकी ६२१ उत्तीर्ण.' फलकावर वर फुगे रंगवले होते.

इकडे घरी सीलबाईंनी भाचीची शिकवणी सुरू केली होती. बाहेरून एखाद्याने डोकावून पाहिलं असतं तर त्याला एक मावशी एका मुलीला अभ्यास शिकवते आहे असं वाटलं असतं. प्रत्यक्षात ती अभ्यास विसरायला शिकवत होती.

"पेपर हातात आला की कशाचा आहे ते बघायचं नाही. नाकासमोर बघायचं आणि लिहायला लागायचं. कळलं?"

"कळलं."

"'जगणे म्हणजे काय?' लिही बघू. निदान दोन पानं."

भाचीने अर्धा तास पेन चावलं आणि लिहिलं: 'दिलेली माहिती अपुरी आहे.'

"अगं, माहिती अपुरी असेल म्हणूनच तर विवेचन करायचं!"

"पण मावशी, मग ते खोटं होईल ना?"

सीलबाईंनी कपाळाला हात लावला. हात उजवा होता. प्लास्टर त्याच आठवड्यात निघालं होतं. त्यांनी जंग जंग पछाडलं. 'क्ष मानू' पासून सुरुवात करायला सांगितलं, तर भाची विचारायची, क्ष शून्य असेल तर त्याने भागता येत नाही, मग काय करायचं? एकटेपणावर लिहायला सांगितलं, तर विचारायची, सरासरी की एकूण? पोर खोटं लिहायला कबूल होती, तिला ते जमतच नव्हतं. फेरपरीक्षेच्या आदल्या दिवशी ती वहीत तोंड खुपसून प्रथमच रडली. "मी उद्या बसतच नाही," ती म्हणाली. "निदान एकदाच नापास झालेली राहीन." आणि सीलबाईंना एकदम कळलं की आपण दोन महिने या मुलीची एकुलती एक चांगली गोष्ट तिच्यातून काढायला बघतोय. त्यांना स्वतःची लाज वाटली.

सकाळी परीक्षा विभागात पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवायला तिन्ही विषयांचे गठ्ठे टेबलावर मांडलेले होते. नियंत्रक साहेब समोर उभे होते, कारण पाहुणे आले होते. सीलबाईंनी धोरणाप्रमाणे डावा हात पुढे केला. एक गठ्ठा उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. मग पाहुणे फुग्यांच्या फलकाबद्दल काही विचारायला वळले, आणि तेवढ्यात सीलबाईंनी उजवा हात पदराआडून बाहेर काढला, गणिताचा गठ्ठा तोलला आणि त्यातली एक प्रत ओढून फेरपरीक्षेच्या पाकिटात साहित्याच्या प्रतीऐवजी सरकवली. फेरपरीक्षेला सगळ्या विद्यापीठातून एकच परीक्षार्थी होती. परिपत्रकाची तीन पानं त्यांनी फाडून टाकली, कागद वाचवला.

तीस वर्षांच्या निष्कलंक सेवेत सीलबाईंनी केलेला हा पहिला गैरप्रकार: गणिताच्या विद्यार्थिनीला गणिताचा पेपर दिला. लाख ओतताना त्यांची पाचावर धारण बसली होती. सील मात्र नेहमीसारखं गोल उमटलं.

भाचीने पेपर उघडला, आणि पर्यवेक्षकांनी पुढे सांगितलं की मुलगी वेड्यासारखी हसायला लागली. दीड तासात तिने सगळी समीकरणं सोडवली, उरलेला दीड तास पुन्हा सोडवून ताळा केला.

उत्तरपत्रिका नव्या धोरणाप्रमाणे साहित्याच्या बाईंकडे तपासायला गेली. सीलबाईंना ही आठवण झाली तोवर उत्तरपत्रिका निघून गेली होती. साहित्याच्या बाईंनी उत्तरपत्रिका तीनदा वाचली आणि शेरा लिहिला: 'मुक्तछंदातील दीर्घ रचना. क्ष चा शोध आर्त आहे. डावी बाजू आणि उजवी बाजू यांच्यातला ताण शेवटपर्यंत टिकतो. मात्र प्रत्येक कडव्यात क्ष सापडतोच, हा भाबडा आशावाद खटकतो. विद्यार्थिनीने जगण्यातील अपूर्णतेचा विचार करावा. गुण एकाहत्तर.'

भाची गणित-परिचय उत्तीर्ण झाली.

निकालानंतर गुणपत्रिका वाटायची खिडकी क्रमांक तीन सीलबाईच सांभाळत; गुणपत्रिका घ्यायला भाची तिथे आली. सीलबाईंनी तिला आत बोलावून खुर्ची दिली, बिस्किटं काढली आणि बहिणीला फोन लावला. ताई फोनवर इतकं मोठ्याने बोलली की शेजारच्या टेबलावरच्या सगळ्यांना आनंद झाला. सीलबाईंना वाटलं, आता निवृत्तीच्या दिवशी कुणी काही बोललं नाही तरी चालेल. तेवढ्यात भाचीची नजर खिडकीतून समोरच्या फलकावर गेली. तिचे ओठ हलले. बोटं टेबलावर हलली.

"मावशी," ती म्हणाली, "ही बेरीज दहांनी चुकलीये. सहाशे बारा होतात."

सीलबाईंचा हात आपोआप खालच्या खणाकडे गेला. त्या खणात निकाल लागल्यापासून दहा गुणपत्रिका पडून होत्या. उत्तीर्ण, सही, शिक्का, सगळं होतं. फक्त नावं नव्हती. विद्यार्थी कधीतरी न्यायला येतील म्हणून त्या रोज वाट बघत होत्या.

"काय म्हणतेय भाची?" नियंत्रक साहेबांनी आपल्या खोलीतून विचारलं. त्यांच्यासोबत आणखी पाहुणे होते.

सीलबाईंनी भाचीकडे पाहिलं. भाचीने मावशीकडे पाहिलं, मग हातातल्या गुणपत्रिकेकडे, मग पुन्हा फलकाकडे. पुढच्या वर्षाचा प्रवेश सोमवारी होता.

"काही नाही, सर," भाची म्हणाली. "फुगे छान काढलेत."

"हुशार आहे हो पोरगी," साहेब म्हणाले.

सीलबाईंनी बिस्किटांची बशी तिच्यापुढे सरकवली. भाचीने एकही घेतलं नाही. पोर खऱ्या अर्थाने पास झाली होती, आणि मावशीला ते बघवेना.

ती बेरीज वाचकहो, तुम्हीही पाहिलीत. आधी निकालात अक्षरी पाहिलीत, मग फलकावर आकड्यांत पाहिलीत, दोन्ही वेळा तिन्ही संख्या शेजारी-शेजारी होत्या. ज्यांनी तेव्हाच वाचन थांबवून 'हे चुकलंय' म्हटलं असेल, त्यांनी फेरपरीक्षेची तयारी करावी. त्यांच्या प्रकरणाकडे सहानुभूतीने पाहिलं जाईल. बाकीच्यांचं अभिनंदन. त्यांच्यासाठी खिडकी क्रमांक तीनवर, खालच्या खणात दहा गुणपत्रिका तयार आहेत. येताना ओळखपत्र आणण्याची गरज नाही. नाव सीलबाई घालून देतील, डाव्या हाताने.